पाणी दिलेला जोड

२ डिसेंबर २०२४

भिलवडीमार्गे नऊला पंपहाऊसवर पोचलो. कृष्णाकाठची सहकारी उपसा योजना, पलूस तालुका. दीडशे अश्वशक्तीचे दोन पंप, ५०८ मिलिमीटर व्यासाची आणि ८ मिलिमीटर जाडीची दाबनळी, काठापासून टेकावरच्या हौदापर्यंत ६२ मीटर चढ. नळी जुनी, ऐंशीच्या दशकातली.

मे महिन्यात काठाजवळचे चार पाइप बदलले. ऑक्टोबरात पंप चालू केले आणि जुना पाइप नव्याला जिथं मिळतो तो जोड गळायला लागला. ठेकेदारानं तो कापून काढून मधे दीड मीटरचा तुकडा बसवला. जुन्या बाजूचा जोड आठवड्यात पुन्हा गळला. घासून वरून वेल्डिंग, पुन्हा गळती. पुन्हा घासून वेल्डिंग, पुन्हा गळती. आता रबराची पट्टी आणि क्लॅम्प आवळून एकाच पंपावर रेटताहेत. द्राक्षवाले आणि ऊसवाले यांच्यात पाळीवरून रोज खडाजंगी.

चेअरमन आबांचं मत पक्कं झालेलं होतं. "रॉड हलका मारलाय त्यानं. तुमी सत्तर-अठरा मारा की. मजबूत हुतोय जोड." सत्तर-अठरा म्हणजे ७०१८ नंबरचा वेल्डिंग रॉड.

मी खड्ड्यात उतरलो. क्लॅम्प सैल केला तसं पाइपच्या पोटाखालून पाणी फवारलं. अंगठा लावून बघितलं. पाणी वेल्डिंगच्या उंचवट्यातून येत नव्हतं. उंचवटा जिथं संपतो आणि जुना पाइप सुरू होतो, त्या काठावरून येत होतं. बोटभर लांब, केसाएवढी चीर. ऑपरेटर तात्या वरून म्हणाले, "तिन्ही बारीला तिथनंच. जोड तुटंना बघा, त्याच्या बगलंतनं येतंय."

दोन महिन्यांत या जोडाबद्दल बोलली गेलेली सगळ्यात कामाची गोष्ट हीच असावी. कुणी लिहून ठेवली नव्हती, म्हणून इथं लिहितो.

३ डिसेंबर

रात्री हिशेब मांडला. चढ ६२ मीटर, घर्षण धरून ७०. म्हणजे दाब चौरस सेंटिमीटरला साधारण ७ किलो, मेगापास्कलमध्ये ०.६९. नळीच्या घेराच्या दिशेनं येणारा ताण म्हणजे दाब गुणिले व्यास भागिले दुप्पट जाडी : ०.६९ × ५०८ ÷ १६ = सुमारे २२ मेगापास्कल. गोल जोडावर, म्हणजे आपल्या जोडावर, लांबीच्या दिशेचा ताण येतो. तो याच्या निम्मा, ११.

पाइपचं साधं पोलाद २५० मेगापास्कलला कायमचं ताणायला लागतं. लागतात ११, आहेत २५०.

लाइट गेल्यावर एनआरव्ही, म्हणजे पाणी मागं येऊ न देणारी झडप, आपटते तो धक्काही धरला. पाणी सेकंदाला १.२ मीटर वेगानं चाललंय आणि एका क्षणात थांबलं असं धरलं, तर अशा नळीत जास्तीत जास्त १.४ मेगापास्कलच्या आसपास भर पडते. प्रत्यक्षात इतकी पडत नाही, पण पडली असं मानू. घेराचा ताण ६६ वर जातो, गोल जोडावरचा ३३ वर. तरी आपण कुठल्या कुठं खाली आहोत.

मग आबांच्या म्हणण्याप्रमाणे जोड आणखी मजबूत करून काय साधणार? मजबुती इथं कमी नाहीच. वेल्डिंग चांगलं निम्मं भिकार असतं तरी पाण्याच्या दाबानं ते फाटलं नसतं. फाडणारं दुसरं काहीतरी आहे.

५ डिसेंबर

आज एक चूक केली. ती नोंदवतो, म्हणजे पुन्हा होणार नाही.

मिरजेतून हातात धरायचं कडकपणा-मापक भाड्यानं आणलं, उसळीचं. त्यात स्प्रिंगनं एक छोटा गोळा पृष्ठभागावर आपटतो आणि किती वेगानं उसळतो त्यावरून आकडा येतो. जोडापासून वीतभर लांब, साध्या पाइपवर पाच वेळा मारलं : ९६, १७१, ११८, २०५, १३३. एकाच पोलादाचे पाच आकडे! बॅटरी बदलली, जागा घासून गुळगुळीत केली, तरी तेच.

संध्याकाळी कुपवाडच्या लॅबमधल्या काकांना फोन केला. ते हसले. "अरे, आठ मिलिमीटरचा पाइप म्हणजे ढोल. गोळा आपटला की पत्राच हलतो, जोर त्यात जातो. त्या यंत्राला खाली इंचभर जाड लोखंड लागतं." यंत्राच्या पुस्तकात हे लिहिलेलं आहे. पुस्तक पेटीतच होतं. भाडं गेलं ते गेलं.

६ डिसेंबर

नशीब थोडं फळलं. ऑक्टोबरात कापून काढलेला पहिला जोड भंगारात गेलेला नाही. पंपहाऊसच्या मागं बाभळीखाली ते दोन फुटी कडं उभं करून तात्यांनी त्यावर फळी टाकलीय. दुपारच्या जेवणाची बैठक. बाजूला मे महिन्यात काढलेला एक जुना पाइपही पडलाय, बाकीचे तीन विकले.

कडं उलटंपालटं करून बघितलं. आतून एका बाजूला गाळाचा पिवळट पट्टा वाळून घट्ट बसलाय, म्हणजे ती तळाची बाजू. चीरही नेमकी तिथंच आहे. घड्याळाच्या भाषेत सांगायचं तर पाच ते सातच्या दरम्यान, सहावर सगळ्यात रुंद. बाराच्या बाजूला काही नाही, तीन-नवालाही काही नाही.

एकाच माणसानं, एकाच रॉडनं, एकाच दिवशी केलेला जोड वर शाबूत आणि खाली चिरलेला. तात्यांना बसायला प्लास्टिकची खुर्ची कबूल केली आणि कडं टेम्पोत टाकलं.

१० डिसेंबर

दिवसभर लॅबमध्ये. कड्यातून पट्ट्या कापल्या. बाराच्या बाजूची एक आणि चीर संपते त्याच्या लगतची, साताच्या पुढची एक, अशा दोन ताणायला. त्याच दोन जागांच्या दोन वाकवायला. आणि दोन बारीक तुकडे कडकपणा मोजायला.

आधी ताण. यूटीएमच्या, म्हणजे ओढून तोडायच्या यंत्राच्या, जबड्यात पट्टी धरली, काटा चढत गेला, एका जागी पट्टी बारीक होऊन आवाज करत तुटली. जोडापासून चांगली दोन इंच लांब, जुन्या पाइपच्या पोलादात. ४४६ मेगापास्कल. दुसरीही तिथंच तुटली, ४४३ ला. काकांचा मदतनीस म्हणाला, "सर, पास. जोड पाइपपेक्षा मजबूत आहे." नियमाप्रमाणे त्याचं बरोबरच आहे. गळणारा जोड ताणाच्या परीक्षेत पहिल्या श्रेणीत पास झाला.

मग वाकवणं. बाराच्या बाजूची पट्टी इंग्रजी यू सारखी वळली, तडा नाही. तळाकडची चाळीसेक अंशात गेली आणि वेल्डिंगच्या काठावर, जुन्या पाइपच्या अंगाला, कट्‌कन उघडली. तुटलेली जागा चकचकीत, दाणेदार.

कडकपणाचे तुकडे आरशासारखे घासून घेतले आणि नायट्रिक आम्ल व अल्कोहोलच्या पातळ मिश्रणात बुडवले. काही सेकंदांत वेल्डिंगचं चित्र उठलं. मधे पायरीपायरीनं भरलेला व्ही, दोन्ही अंगांना जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची गडद किनार. ही किनार म्हणजे जे पोलाद वितळलं नाही पण लालबुंद झालं आणि परत थंड झालं, ते. कारागीर तिला नाव देत नाहीत, ती त्यांना दिसतच नाही. आमच्यात हॅझ म्हणतात.

मोजायला विकर्स. १९२१ मध्ये विकर्स कंपनीत निघालेली पद्धत : १३६ अंशांचा चौकोनी टोकाचा हिरा ठराविक वजनानं दाबायचा आणि उमटलेल्या खुणेचा कर्ण सूक्ष्मदर्शकातून मोजायचा. पोलाद मऊ तर खूण मोठी. आम्ही १० किलो वापरले. काका एकेक खूण वाचत होते, मी लिहीत होतो. तळाचा तुकडा, जुन्या पाइपपासून नव्याकडे :

१३८, १४१, १३९, मग किनारीत २९०, ३३८, ३६०, मग वेल्डिंगमध्ये १९६, २०३, १९९, नव्या पाइपच्या किनारीत २३१, २२४, आणि पुढं १४७, १५०.

साध्या पाइपवरच्या खुणेचा कर्ण ०.३६५ मिलिमीटर, किनारीतल्या सर्वांत कडक खुणेचा ०.२२७. दोन्ही खुणांमधलं अंतर माझ्या करंगळीच्या नखाहून कमी. इतक्या जागेत पोलादाचा स्वभाव अडीच पट बदललाय.

बाराच्या तुकड्यात तीच किनार : २३६, २४८, २४१.

म्हणजे ताणाच्या यंत्राला दोन्ही पट्ट्या सारख्याच वाटल्या, ४४६ आणि ४४३. हिऱ्याला मात्र एका दमात कळलं कोणती चिरणार. यात यंत्राचं काही चुकलेलं नाही. ओढल्यावर पट्टी सगळ्यात मऊ जागी लांबते आणि तिथं तुटते. कडक किनार तेवढा वेळ मजेत बसून राहते. ताणाची परीक्षा सर्वात अशक्त जागेचा पत्ता सांगते, सर्वात ठिसूळ जागेचा सांगत नाही.

काकांनी एक आडवा प्रश्न टाकला. "जागतिक मानकात अशा साध्या पोलादाला, पुढं भट्टीत न टाकलेल्या जोडाला, ३८० पर्यंत चालतं. तुझे ३६० आहेत. पासच म्हणायचं मग?" मी म्हटलं, पास म्हणू, पण पाणी कसं थांबवू? ३८० ची मर्यादा रॉड सुके आणि हायड्रोजन कमी हे गृहीत धरून आहे. इथं काय परिस्थिती होती ते अजून कळायचंय. जुने लोक ३५० च्या वर गेलं की सावध व्हायचे, मला ते जास्त पटतं.

१२ डिसेंबर

रसायनाचा रिपोर्ट आला. नवा पाइप : कार्बन ०.१६ टक्के, मँगनीज ०.८४. जुना : कार्बन ०.२७, मँगनीज ०.९२, थोडं तांबं, किरकोळ क्रोमियम. कार्बन-समतुल्य, म्हणजे पोलाद किती कडक होऊ शकतं याचा आकडा, काढायचं तर कार्बनमध्ये मँगनीजचा सहावा हिस्सा, क्रोमियम-मॉलिब्डेनम-व्हॅनेडियमचा पाचवा आणि निकेल-तांब्याचा पंधरावा मिळवायचा. नवा ०.३१, जुना ०.४५. आज पोलादाच्या भारतीय मानकात, आयएस २०६२ मध्ये, साध्या ई २५० ए प्रतीलाही ०.४२ च्या वर जायची परवानगी नाही. पोलाद वाईट नाही, पण तापवून झटकन थंड केलं तर कडक होणाऱ्यातलं आहे. झटकन कुणी थंड केलं, एवढंच उरलं.

१४ डिसेंबर

खुर्ची घेऊन गेलो. तात्या खुश. चहा झाला. विचारलं, वेल्डिंग चालू होतं तेव्हा पाइपमध्ये पाणी होतं का?

"हुतं की. वरचा व्हॉल्व्ह बसत न्हाई नीट. हौदातलं पाणी झिरपतच असतं. पाइपच्या तळाला बोटभर धार कायम."

आणि वेल्डिंग झाल्यावर?

"झालं की ओलं पोतं टाकायचा त्यो. चर्रर करायचं. म्हणायचा, पाणी दिल्यावर पक्कं हुतंय. आमच्या गावचा लोहार कोयत्याला देतोय तसंच की."

मी कप खाली ठेवला. तात्यांनी एका वाक्यात सगळं सांगून टाकलं होतं. लोहार कोयत्याला पाणी देतो ते धार टिकावी म्हणून, आणि तोही शहाणा असतो, नुसत्या धारेलाच देतो आणि नंतर परत थोडं तापवून उतरवतो. न उतरवलेला कोयता पहिल्याच बुडख्यावर तुकडा पाडतो. आपल्या जोडाला धार लावायची नव्हती. उसाला द्यायचं पाणी जोडालाच दिलं.

घरी आल्यावर मात्र पोत्याला एवढा दोष देणं बरोबर वाटेना. पोलाद कडक होतं की मऊ राहतं हे ८०० पासून ५०० अंशांपर्यंत उतरताना ठरतं. या जाडीच्या कोरड्या पाइपला, बेताच्या वेगानं वेल्डिंग केलं तर, त्याला पंधरा सेकंदांच्या आसपास लागतात. माणूस होल्डर ठेवून, स्लॅग ठोकून, पोतं बुडवून आणेपर्यंत ती वेळ टळून गेलेली असते. कडक केलं ते आतल्या बोटभर धारेनं. वेल्डिंग चालू असतानाच पाठीमागून उष्णता ओढून नेली. म्हणून तळाला ३६० आणि वर २४८.

पोत्यानं दुसरं पाप केलं. ओलसर रॉड, गंज, जुन्या पाइपवरचा डांबराचा लेप यांतला हायड्रोजन वितळलेल्या पोलादात शिरतो. जोड गरम राहिला तर तासाभरात बराचसा निघूनही जातो. पोतं टाकलं की दार बंद. मग तो आत फिरत राहतो, कडक आणि ताणलेल्या जागी गोळा होतो आणि एक-दोन दिवसांनी चीर पाडतो. ताण तर तिथं आहेच : वेल्डिंग आकसताना स्वतःलाच इतकं ओढतं, की पाण्याचे ११ मेगापास्कल त्यापुढं चिल्लर. वेल्डर जातो, हजेरी घेऊन जातो, आणि जोड तिसऱ्या दिवशी गळतो. तात्या म्हणाले होते ना, प्रत्येक वेळी "दोन दिस बरं चाललं".

१६ डिसेंबर

कुपवाडच्या शेडमध्ये नमुना जोड. जुन्या पाइपचं कडं एका बाजूला, नवं दुसऱ्या बाजूला. वेल्डर नाना आलेत. साखर कारखान्यांच्या वाफेच्या लाइनींवर तीस वर्षं काढलेला माणूस, चष्म्याचा नंबर वाढलाय पण हात स्थिर.

रॉडवरून थोडी चर्चा. आबांना हवा तोच ७०१८ आम्हीही घेतोय, पण वेगळ्या कारणासाठी. ७० म्हणजे चौरस इंचाला सत्तर हजार पौंड, आणि लोक त्या ७० कडे बघून घेतात. आपल्याला हवे आहेत शेवटचे दोन आकडे, १८ : कमी हायड्रोजनचा लेप. पण तो लेप हवेतली ओल पितो. रॉड ३५० अंशांवर तासभर भाजून, पुढं गरम डब्यात ठेवूनच वापरला तर त्याला अर्थ. पुड्यातून काढून थेट मारला तर जास्त पैसे देऊन ओला रॉड मारल्यासारखं. नाना म्हणाले, "पापड भाजून उघड्यावर ठेवल्यासारखं हाय."

पहिल्या प्रयत्नात सुरुवातीच्या जागी भोकं पडली. सवय ६०१३ या साध्या रॉडची, चाप (रॉड आणि पाइप यांच्यातली ठिणगी) लांब राहिला. नानांनी स्वतःच घासून काढलं. पुढं चाप आखूड, थोडं पुढं पेटवायचं आणि मागं येऊन मग चालू लागायचं. रूट, म्हणजे तळचा पहिला थर, २.५ मिलिमीटरच्या रॉडनं ८० अँपिअरवर, वरचे थर ३.१५ नं ११५ वर. एक थर मी घड्याळ लावून मोजला : २३ व्होल्ट, मिनिटाला ११० मिलिमीटर. हिशेबानं मिलिमीटरला १.४४ किलोज्यूल.

रुंद झुलवायचं नाही, अरुंद सरळ थर. पुढचा थर मागच्याची किनार परत तापवतो आणि ती थोडी उतरते. सगळ्यात वरच्या थराची किनार उतरवायला मागून कुणी येत नाही. म्हणून शेवटचा थर मधोमध ठेवला, पाइपच्या काठाला न चिकटता. ही युक्ती नानांची, पुस्तकातली नाही.

(पुस्तकातही आहे. नंतर बघितलं. त्यांना सांगितलं नाही.)

२० डिसेंबर

नमुन्याचे निकाल.

ताण : ४५१. जुन्या पाइपमध्ये तुटला. गळणाऱ्या जोडाचे ४४६, या जोडाचे ४५१.

वाकवणं : चार पट्ट्या, चारही १८० अंश, तडा नाही.

कडकपणा, जुन्या पाइपची किनार : २२८, २४१, २३२. वेल्डिंग १८८. तळ, माथा, कुठंही २५० च्या वर नाही.

आबांना फोनवर सांगितलं. त्यांना आकडा हवा होता. "किती मजबूत झाला?" म्हटलं, पाच मेगापास्कलनं. फोनवर बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "एवढ्यासाठी तीन आठवडे?" तेव्हा ३६० चे २४१ झाले ते सांगितलं. "म्हंजे मऊ केलासा?" होय आबा, मऊ केला. हे त्यांना पचलेलं नाही. प्रत्यक्ष जागेवर दोन्ही वाकवलेल्या पट्ट्या नेऊन टेबलावर ठेवणार आहे.

२७ डिसेंबर

पाळी काल संपली, पाच दिवस मिळालेत. आज जोड.

सकाळी अंगात स्वेटर. पहिलं काम पाणी अडवणं. वरचा व्हॉल्व्ह बसत नाही तो नाहीच. गळका तुकडा कापून काढला, उघड्या तोंडातून जुन्या पाइपात दीड मीटर आत काळ्या मातीचा बांध घातला. तात्यांनी आदल्या रात्रीच माती भिजवून तुडवून ठेवलेली, बैल घडवायच्या मातीसारखी. बांधाच्या वरच्या अंगाला पाइपच्या तळाशी इंचाचं भोक पाडून सॉकेट लावला, तो वेल्ड करतानाही आधी गरम करून. झिरपणारं पाणी तिथून खड्ड्यात, खड्ड्यातून छोट्या मोटारीनं बाहेर. काम झाल्यावर बूच. बांध पुढं पाण्यात विरघळून उसात जाईल, काळी माती काळ्या मातीत.

डांबर दोन्ही बाजूंना चार-चार इंच घासून काढलं. मग गॅसची ज्योत. थंड पाइपला ज्योत लावली की तिच्याभोवती दवासारखा ओला पट्टा उठतो आणि पुढं पुढं सरकतो. पोरं म्हणाली, पाइप पाणी सोडतोय. ते पाणी पाइपचं नसतं. गॅस जळताना तयार झालेली वाफ थंड लोखंडावर बसते. पट्टा सगळीकडून नाहीसा झाला, तरी थांबलो नाही. ११० अंशांना वितळणारा खडू ओढला. पहिल्यांदा कोरडी रेघ उमटली, दुसऱ्यांदा मेणासारखी पाझरली. तेव्हा नानांनी मुखवटा खाली केला. इतक्या पातळ पाइपला एरवी आधी तापवायची गरज पडली नसती. पण पोलाद तापट आणि जागा दमट, म्हणून हा खर्च केला.

अकराला मी घोळ घातला. चहा आला तेव्हा जनरेटर बंद केला, रॉडचा गरम डबा त्याच्यावरच चालतो हे विसरून. झाकणही उघडं. पाऊण तासानं डबा हाताला कोमट. चाळीस रॉड. नाना म्हणाले, "चालतंय हो, ऊन हाय." नियमात एवढी उघडीक बसते, हेही खरं. पण नदीकाठ, दमट खड्डा, झाकण उघडं, आणि बाभळीखालचं कडं डोळ्यांपुढं होतं. ते रॉड बाजूला ठेवले, दुसरा डबा उघडला. नाना दुपारभर माझ्याशी कामापुरतं बोलले.

साडेचारला शेवटचा थर. पोतं आलं, पण कोरडं : जाड गोणपाट चौपदरी गुंडाळून जोडाला बांधला, सावकाश थंड व्हावा म्हणून. तात्या बघत उभे होते. "पोतंच की शेवटी," म्हणाले.

२९ डिसेंबर

४८ तास होऊन गेल्यावर, संध्याकाळी, रंगाची तपासणी. आधी लाल रंग फवारायचा, मुरू द्यायचा, पुसून काढायचा, वर पांढरी पूड. चीर असेल तर तिच्यात मुरलेला लाल वर चढतो. लगेच न करता दोन दिवस थांबायचं कारण १४ तारखेला लिहिलंय.

नव्या जोडावर पांढरं पांढरंच राहिलं. तुलनेसाठी परवा कापलेल्या तुकड्यावरही फवारलं. अर्ध्या मिनिटात पुडीतून केसाएवढी लाल रेघ उठली, मग तिला फाटे फुटले. आबा वाकून बघत होते. वाकवलेल्या पट्ट्याही हातात घेतल्या, तुटलेल्या काठावरून अंगठा फिरवला. बोलले काही नाहीत. पट्ट्या मात्र धोतराच्या सोग्यात गुंडाळून ऑफिसात नेल्या.

३० डिसेंबर

सोमवती अमावास्या. दाबाची चाचणी आज नको, असा ठराव. मीही ताणलं नाही.

३१ डिसेंबर

कामाच्या दाबाच्या दीडपट, साडेदहा किलो, दोन तास. काटा हलला नाही. बाराला दोन्ही पंप चालू. पावणेतीनला लाइट गेली, एनआरव्ही धाडकन आपटला, खड्ड्याच्या काठावरची सगळी माणसं एकदम जोडाकडं बघायला लागली. कोरडा. वरची धूळही जागची हलली नव्हती.

३ जानेवारी २०२५

बिल द्यायला गेलो तर आबांनी टेबलावर त्याच दोन पट्ट्या ठेवलेल्या, कागदांवर वजन म्हणून. विचारलं, "त्याच माणसानं मे महिन्यात आणखी किती जोड केले, ठाव हाय का?"

तात्यांनी मोजून सांगितलं, जुन्या लोखंडावर चार : काठावरच्या दोन शाखा, एक हवेचा व्हॉल्व्ह, एक वळण. चारही ठिकाणी पोतं होतंच. पाणी होतं का, ते त्यांना आठवत नाही. वळण चढावर आहे, तिथं बहुतेक नसावं.

या वेळी उसळीचं यंत्र नाही. कंप पावणाऱ्या हिऱ्याचं, पातळ पाइपवर आणि अरुंद किनारीत चालणारं यंत्र पुण्याहून मागवतोय, बुधवारी येईल. घासून, किनारीत दर दोन इंचांवर एक आकडा, तळाकडून सुरुवात. ३०० च्या वर गेलं तिथं रंगाची तपासणी.

हवेच्या व्हॉल्व्हचा जोड उभ्या उसात आहे. टोळी फेब्रुवारीत येणार, तोवर तिथं उतरता येत नाही. तात्या रोज सकाळी बांधावरून तेवढी सरी ओली आहे का बघून येतात.